नको आहे, पण टाकू नका

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूरचं उच्च न्यायालय जबलपूरला आलं. नागपूरचे मुख्य न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला मध्य प्रदेशचे पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले, दप्तरं उघडली, पुकारे सुरू झाले. न्यायालय हलवणं त्या मानाने सोपं असावं. त्याच सुमारास आलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाचं राइट टाउनमधलं घर आज रिकामं करायला घ्या. तिन्ही मुलांच्या रजा संपत येतात, नणंद-भावजयींचा अबोला सुरू होतो, आणि माळ्यावरची पहिली ट्रंक अजून शिडीच्या वरच्या पायरीवरच असते.

मराठी माणूस जबलपुरात १९५६ साली पहिल्यांदा आला असं मात्र नाही. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी हा मुलूख घेतला, पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांकडे. राज्य गेलं, राज्याचे कारकून राहिले. मग रेल्वे आली, १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी आली, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला, वीज मंडळाचं मुख्यालय आलं, १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी आली. दर वेळी नागपूर, अमरावती, पुणे, साताऱ्याकडून माणसं आली आणि प्रत्येकाने येताना पितळ आणलं.

ते साठत का गेलं, याचं कारण साधं आहे. पुण्यात सोऱ्याची चकती हरवली तर तुळशीबागेत दुसरी मिळते. जबलपुरात हरवली तर दिवाळीच्या आत कुणीतरी नागपूरला जाऊन यावं लागतं. म्हणून इथल्या मराठी घरात प्रत्येक वस्तू दोन: एक वापरायची, एक ‘असू दे’ म्हणून. पुरणयंत्रं दोन, मोदकपात्रं दोन, विळ्या तीन. शिवाय मोडलेलं पुरणयंत्रही टाकलेलं नसतं, कारण त्याची मूठ चालू यंत्राला लागू शकते. गेल्या पन्नास वर्षांत ती लागलेली नाही, पण लागली असती तर? सातपुड्यातून धावणारी नॅरोगेज गाडी २०१५ मध्ये बंद झाली. तोवर माहेरून परतणाऱ्या कित्येक सुनांच्या पायाशी त्या चिमुकल्या डब्यात काहीतरी जड, गोल आणि गोणपाटात गुंडाळलेलं असे. जबलपूरच्या मराठी घरांचा पाया असा गोंदियामार्गे भरला गेला.

या घरांतलं एक नमुन्यादाखल घेऊ. बाबा वीज मंडळातून निवृत्त झाले, आता नाहीत. आई पंचाऐंशीच्या पुढे. तिला थोरला पुण्याला नेणार. ताई नागपूरला, धाकटा न्यू जर्सीत. घर विकायचं ठरलं आहे. तिघांच्याही मनात सारखाच हिशेब असतो: चार दिवसांत उरकू. आई ओसरीतल्या खुर्चीत बसते आणि म्हणते, “तुम्हीच ठरवा रे, माझं आता काय.” हे वाक्य कानी पडलं की चारचे चौदा दिवस झाले असं समजावं.

सुरुवात स्वयंपाकघरापासून होते, आणि तिथल्या भिंतीपाशीच अडते. एका खिळ्याला दोन कॅलेंडरं. एक १९७३ पासून निघणारं ‘कालनिर्णय’, दुसरं खुद्द जबलपूरचं आणि अख्ख्या हिंदी मुलखात खपणारं लाला रामस्वरूप. लाला रामस्वरूपचा महिना पौर्णिमेला संपतो, कालनिर्णयचा अमावास्येला. त्यामुळे शेजारच्या भाभींचा श्रावण आईच्या श्रावणाआधी पंधरा दिवस सुरू होतो, आणि गोकुळाष्टमी एकाच रात्री येऊनही एका कॅलेंडरात श्रावणात असते, दुसऱ्यात भाद्रपदात. आईने दोन्हींचा मान राखला. उपास कालनिर्णयवर, दुधाचा आणि सिलिंडरचा हिशेब लाला रामस्वरूपवर, कारण तो दूधवाल्याला वाचून दाखवता येतो. वर्ष सरलं की दोन्ही उतरून कपाटामागे जातात. रद्दीत जात नाहीत, कारण त्यांच्यावर देव आहेत. असे कित्येक वर्षांचे देव जोडीजोडीने कपाटामागे उभे असतात. सगळं तडकाफडकी फेकून द्यावं असं अमेरिकेतून फोनवर बजावणारा धाकटा त्यातलं १९८३ चं उघडतो. एका चौकोनात लिहिलेलं असतं, ‘दूध नाही. पेपर सुरू’. “ही बोर्डाची परीक्षा, माझी,” तो म्हणतो, आणि कॅलेंडर त्याच्या बॅगेत जातं. पहिला बुरूज पडला.

पितळ खाली उतरलं की खरी गुंतागुंत. भांडं विकत घेताना दुकानदार विचारायचा, “नाव काय घालायचं?” आणि ठिपक्याठिपक्यांनी नाव, निमित्त, तारीख कोरून द्यायचा. घरातल्या वडीलधाऱ्यांची नेमकी जन्मतारीख कुणाला सांगता येत नाही, तांब्याची येते. पण या घरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यावर भलत्याच घराण्याचं नाव निघतं. परगावातला मराठी समाज लहान; गणेशोत्सवाचा प्रसाद, मुंज, डोहाळजेवण, सगळ्याला भांडी एकमेकांकडून जायची. खेळ थांबला तेव्हा जे भांडं जिथे होतं तिथेच राहिलं. आपला हंडा रांझीला कुणाकडे तरी असणार, त्यांचं पातेलं आपल्या माळ्यावर. लहान समाजाचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे हळदीकुंकवाचे ब्लाऊजपीस. पुण्यात दिलेला ब्लाऊजपीस परत यायला वर्षं लागतात. जबलपुरात चैत्रात दिलेला श्रावणात घरी.

तर ताई पातेल्यावरच्या नावाचा माग काढते. ते कुटुंब बंगळूरला. फोन लागतो. “तुमचं पातेलं आमच्याकडे निघालंय.” पलीकडून आनंद, आठवणी, आजीच्या हातचा मसालेभात, सगळं होतं. मग मुद्दा येतो. “आम्ही कुठे ठेवणार हो ते? असू दे तुमच्याकडेच. पण मोडीत नका घालू हं, सासूबाईंचं आहे.”

घर रिकामं करणाऱ्याला ज्याच्याशी लढायचं असतं ते हे वाक्य. धूळ, झुरळं, कबाडी यांच्याशी तडजोड होते. ‘नको आहे, पण टाकू नका’ याच्याशी होत नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर जात्याचा फोटो टाकला की पाच मिनिटांत बदाम येतात, डोळे पाणावलेले चेहरे येतात, डोंबिवलीहून मावसबहीण लिहिते की या जात्यावर आजीने तिला पहिली ओवी शिकवली. “कुणाला हवंय का?” असं विचारलं की गटावरची मंडळी एकेक करून झोपायला जातात, भर दुपारी. न्यू जर्सीतली तर अजून उठलेलीच नसतात. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने हक्क मिळाला, आणि घराच्या पैशाच्या बाबतीत तो चोख बजावलाही जातो. पाट्या-वरवंट्याच्या बाबतीत मात्र तिन्ही भावंडं आपला हिस्सा उदारपणे एकमेकांना देऊ करत असतात. भावना एकाची आणि माळा दुसऱ्याचा, अशी ही व्यवस्था आहे. हिला कायद्यात कलम नाही.

जगात इतरत्र यावर विचार झालेला आहे. स्वीडनमधल्या मार्गारेटा मॅग्नुसन या चित्रकर्तीचं पुस्तक २०१७ मध्ये गाजलं. मरणाआधी आपलं सामान आपणच आवरावं, मुलांवर टाकू नये, असं त्या सांगतात. त्यांची एक सूचना फार मोलाची: फोटो आणि पत्रांपासून कधीही सुरुवात करू नका, त्यात अडकाल. जबलपुरात खाली आलेल्या पहिल्याच ट्रंकेत फोटो असतात, हा योगायोग नाही. ते सगळ्यात शेवटी वर चढवलेले असतात. थोरल्या सुनेने हा स्वीडिश विचार आईला समजावून सांगितला. आई शांतपणे ऐकून म्हणाली, “म्हणजे माझ्यामागे तुम्हाला त्रास नको म्हणून मीच करायचं? मग तुम्हाला वाढवलं कशाला?”

धाकट्याने मग न्यूयॉर्कच्या कॉलियर बंधूंची गोष्ट काढली. हे दोघे भाऊ हार्लेममधल्या आपल्या घरात सामान साठवत राहिले आणि १९४७ मध्ये त्याच पसाऱ्यात मरण पावले. घरातून शंभर टनांहून जास्त सामान निघालं, त्यात चौदा पियानो. गोष्ट सांगण्यामागे आईला घाबरवण्याचा हेतू होता. आईचा चेहरा उजळला. “बघ. आपल्याकडे एकच पेटी आहे.”

पुण्याचे दिनकर केळकर मात्र याच असल्या सामानापायी आयुष्यभर हिंडले. ‘अज्ञातवासी’ नावाने कविता करणारा हा माणूस जुने वाडे आणि बाजार धुंडाळत अडकित्ते, दिवे, दौती, कुलपं, वज्र्‍या जमवत गेला. संग्रह वीस हजार वस्तूंच्या पुढे गेला, लहानपणीच वारलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्याचं संग्रहालय झालं आणि केळकरांनी ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलं. तिथे जाणारा प्रत्येक मराठी माणूस एखाद्या कपाटापुढे उभा राहून हमखास म्हणतो, “अगंबाई, हे आमच्याकडे होतं!” होतं. ते का नाहीसं झालं याची चौकशी कुणी करत नाही. थोरल्याच्या मनात बाबांचा अडकित्ता तिकडे द्यावा असं येऊन गेलं. पण केळकरांचे अडकित्ते मोरांचे, मैनांचे, नक्षीदार. बाबांचा बडा फुहाऱ्याजवळच्या बाजारातला, त्यावर नक्षी एकच, गंजाची. तरीही तो टाकायचा नाही असं ठरलं. कुणाकडे ठेवायचा हे ठरलं नाही.

कागदांकडे वळलं की घराचा खरा आकार कळतो. बाबांनी विजेचं प्रत्येक बिल जपलं. वीज मंडळात नोकरी केलेल्या माणसाचा वीज मंडळावर विश्वास नसणं समजण्यासारखं आहे. आतलं सगळं त्यांना माहीत होतं. रेडिओचं लायसन्स निघतं, ज्याची फी दर वर्षी पोस्टात भरावी लागे. तारेच्या आकड्याला ओवलेली पत्रं निघतात. सगळ्यात खालचं सगळ्यात जुनं, म्हणजे आपोआप लागलेलं अभिलेखागार. त्यात तारा असतात. जुलै २०१३ मध्ये तारसेवाच बंद झाली, पण ‘आई सीरियस’ वाचून गाडीत बसलेला आणि उतरल्यावर पाहतो तो आई पोळ्या लाटते आहे, असा काका प्रत्येक घरात असतो, आणि पुरावा म्हणून ती तार या घरात असते.

आणि दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला, तेव्हा हे प्रकरण जबलपूरच्या माळ्यापर्यंत पोचेल असं त्यांना वाटलं नसेल. इथे एक अंक आठ-दहा घरं फिरायचा. मुखपृष्ठावर प्रत्येक घराची सही, आत कुणीतरी सोडवलेलं आणि कुणीतरी खोडलेलं शब्दकोडं, राशिभविष्याच्या पानावर तेलाचा डाग. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ दोरीने बांधून ठेवलेले. रद्दीवाला जात, धर्म, भाषा काही मानत नाही. हिंदी-मराठी एकाच भावाने घेतो. निदान एवढं तरी कुठे चांगल्या जागी जावं, असं वाटतंच. यावर एक सोय खरोखरची आहे. दमोह जिल्ह्यातल्या पथरियात जन्मलेले माधवराव सप्रे घरचे मराठी आणि हिंदी पत्रकारितेचे एक आद्य पुरुष. त्यांच्या नावाचं जुन्या वृत्तपत्रांचं आणि नियतकालिकांचं संग्रहालय १९८४ पासून भोपाळला आहे, आणि ते उभं राहिलं तेच मुळी ठिकठिकाणच्या घरांतून पडून असलेले अंक गोळा करून. म्हणजे माळ्यावरच्या गठ्ठ्यात काही दुर्मीळ असेल तर मार्ग आहे. अट एकच, ते दुर्मीळ असायला हवं. त्यासाठी निवडावं लागतं, निवडायला घेतलं की माणूस वाचायला बसतो. ताई १९७४ च्या अंकातली क्रमशः कथा संपवून उठली तेव्हा दिवेलागण झाली होती. पुढचा भाग कुठल्या गठ्ठ्यात आहे याचा शोध मग सगळ्यांनी मिळून घेतला.

बिलांचं काय करायचं, हा प्रश्न शहरानेच सोडवला असं म्हणता येईल. कठौंद्याला २०१६ मध्ये कचऱ्यापासून वीज करण्याचा प्रकल्प उभा राहिला. रोजचा सुमारे सहाशे टन कचरा पोटात घेऊन अकरा मेगावॉटच्या आसपास वीज द्यावी अशी त्याची योजना. विजेच्या बिलांची वीज होणार हे बाबांना पसंत पडलं असतं. त्यांनी फक्त त्याची पावती मागितली असती.

कबाडी येतो तो गुरंदी बाजाराच्या हिशेबाने बघत येतो. गुरंदी म्हणजे जबलपूरचं जुन्या सामानाचं माहेरघर. तिथे काय मिळत नाही असं विचारावं. कबाडी पितळ पाहून चेहरा पाडतो. हा त्याचा कामाचा चेहरा. गोदरेजच्या कपाटापुढे मात्र तो खरोखर हतबल होतो. गोदरेजने १९२३ पासून पोलादी कपाटं बनवायला घेतली आणि ती मोडण्याचा विचार त्यात कुठेच केलेला दिसत नाही. “भैया, ये निकलेगी किधर से?” तो विचारतो. प्रश्न योग्य आहे. कपाट १९७२ मध्ये आत आलं आणि पुढच्या खोलीचं दार १९८० मध्ये लहान झालं. थोरल्याचा शाळासोबती मदतीला आलेला, त्याने कपाटाभोवती एक फेरी मारली आणि जबलपुरी निकाल दिला, “बड्डे, मकान बेच दो, अलमारी छोड़ दो.”

माळ्याबद्दलही एक सांगायला हवं. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर हादरलं. भूकंप सहा रिश्टरच्या आसपासचा, माणसं दगावली, हजारो घरांना तडे गेले. या घराच्याही जिन्याशेजारी वरपासून खालपर्यंत चीर गेली, जी पाहुण्यांना अजून दाखवतात. माळा मात्र जागचा हलला नाही. त्यावर इतकं वजन होतं की त्याने भिंती धरून ठेवल्या, असं बाबांचं मत होतं. ते अभियंते होते, त्यामुळे कुणी वाद घातला नाही. आता माळा उतरवताना थोरला अधूनमधून त्या चिरेकडे बघतो.

चार गोष्टी निघतात. पुरणयंत्र शेजारच्या भाभी आनंदाने नेतात आणि दुसऱ्या दिवशी कळतं की त्यातून त्या उकडलेले बटाटे काढतात, टिकियांसाठी. ताईला हे सहन होत नाही. वस्तू वर्षानुवर्षं माळ्यावर पडून होती तेव्हा तिचा अपमान होत नव्हता, आता ती रोज वापरात आली तर झाला. ताई परत मागायच्या बेतात होती; आईने आवरलं. आहेरात आलेले, खोक्यातून कधी बाहेर न पडलेले लेमन सेट मोलकरणीच्या मुलीच्या लग्नासाठी जातात, म्हणजे पुन्हा आहेरातच. बाकीचं पुण्याला न्यायचं ठरतं. रेल्वेच्या नियमाने थ्री-टायर एसीत माणशी चाळीस किलो मोफत नेता येतात, आणि एकटा पाटा-वरवंटाच त्यातला बराच वाटा खातो. शिवाय कोथरूडच्या फ्लॅटमध्ये तो ठेवायचा कुठे? सून विचारत नाही, फक्त फ्लॅटचा नकाशा मोबाइलवर मोठा करून नवऱ्याला दाखवते.

आणि न्यायचं ते मुळात पुण्याहून आलेलंच असतं. सासूने साठ वर्षांपूर्वी तुळशीबागेतून घेतलेली झारी पुन्हा तुळशीबागेपासून काही किलोमीटरवर जाते. उलट पुण्यातल्या नातेवाइकांची घरं कधी रिकामी व्हायची वेळ आली तर तिथून काय निघतं? भेडाघाटचा संगमरवर. जबलपूरला पाहुणा आला की त्याला धुआंधार दाखवायचा आणि जाताना पांढऱ्या मऊ दगडातला गणपती, शिवलिंग, डबी किंवा ताजमहाल हातात द्यायचा, हा इथला रिवाज. आईच्या कपाटात असा साठा तयारच असे, पाहुणा अचानक टपकला तर. तो आता उरला, आणि पाहुण्यांना तर सगळ्यांना देऊन झालेलं. थोरल्याच्या बायकोच्या माहेरी कोथरूडलाच असे चार ताजमहाल आहेत. चारही याच घरातून गेलेले.

देवघर सगळ्यात शेवटी. टाक आणि बाळकृष्ण आईबरोबर जाणार, त्यावर वाद नाही. पण देवामागच्या परडीत नर्मदेतले गोटे भरलेले असतात. ‘नर्मदा का कंकर, सब शंकर’ असं इथे मानतात. नर्मदेतल्या बाणाला प्राणप्रतिष्ठा लागत नाही. त्यामुळे ग्वारीघाटावर गेलेल्या प्रत्येकाने येताना एखादा गोल, गुळगुळीत दगड उचललेला. साठ वर्षं घाटावर जाणारं कुटुंब, दर वेळी एकेक शंकर. सगळे पुण्याला न्यायचे नाहीत आणि कबाड्याला द्यायचे नाहीत, यावर भावंडांचं पहिल्यांदा एकमत झालं. जिथून आणले तिथे सोडायचे.

एका संध्याकाळी परडी घेऊन तिघं ग्वारीघाटावर गेली. पायऱ्यांवर बसने परिक्रमा करणाऱ्या पुण्याच्या मंडळींचा एक जथा उतरलेला. ताईने पहिले दोन गोटे पाण्यात सोडले, तोच त्यातल्या एक काकू लगबगीने पुढे आल्या.

“अहो, अहो, सोडताय का तुम्ही हे? केवढे सुंदर आहेत. एक घेऊ का मी?”

“घ्या ना,” ताई म्हणाली.

काकूंनी एक घेतला, मग नवऱ्यासाठी एक, मग वन्संसाठी एक. मागून आणखी चौघी आल्या. परडी बघता बघता रिकामी झाली. सातारा रोड, सिंहगड रोड, औंध अशी ज्याची त्याची ठिकाणंही कळली. थोरला इतका वेळ नुसता बघत होता. तो हळूच त्या काकूंच्या यजमानांच्या जवळ सरकला.

“काका, तुमच्या बसची डिकी मोठी असेल ना? आमच्या गाडीत एक वरवंटा आहे. आणि पाटाही. अगदी चांगल्या स्थितीत.”